विश्लेषण : अमेरिकेतील ‘फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर’ म्हणजे कोण? त्यांच्याकडील उपचारांना विमा लागू होतो का?

अमेरिकेत ताप-खोकल्यासाठी किंवा मधुमेहाच्या तपासणीसाठी दवाखान्यात गेल्यावर अनेकदा डॉक्टरांऐवजी ‘फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर’ तपासतात. तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे नवीन नाही. नावापुढे पदव्यांची लांबलचक रांग आणि दारावर ‘सर्व प्रमुख विमा स्वीकारले जातात’ अशी पाटी. तरीही काही आठवड्यांनी घरी शेकडो डॉलरचे बिल येऊ शकते. असे का होते?

नर्स प्रॅक्टिशनर कोण असतात?

१९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात परिचारिका लोरेटा फोर्ड आणि बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. आज नर्स प्रॅक्टिशनर रुग्ण तपासतात, निदान करतात, चाचण्या सांगतात आणि औषधे लिहून देतात. ‘फॅमिली’ म्हणजे लहान मुलांपासून वृद्धांपर्यंत सर्व वयोगटांवर उपचार करण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या. त्या एमडी डॉक्टर नसतात, पण साध्या परिचारिकाही नसतात.

नावापुढच्या अक्षरांचा अर्थ काय?

‘आरएन’ म्हणजे नोंदणीकृत परिचारिका. ‘एमएसएन’ ही नर्सिंगमधील पदव्युत्तर पदवी, तर ‘डीएनपी’ ही डॉक्टरेट. ‘एफएनपी-सी’ किंवा ‘एफएनपी-बीसी’ म्हणजे राष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षा उत्तीर्ण. ही प्रमाणपत्रे दोन वेगवेगळ्या संस्था देतात आणि दोन्हींचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते.

मात्र प्रत्यक्ष उपचार करण्याचा अधिकार राज्याच्या परवान्यातून मिळतो. अर्ध्याहून अधिक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर स्वतंत्रपणे काम करू शकतात. टेक्साससारख्या राज्यात औषधे लिहून देण्यासाठी डॉक्टरांशी लेखी करार लागतो.

हे कसे तपासता येते?

राज्याच्या नर्सिंग मंडळाच्या संकेतस्थळावर किंवा ‘नर्सिस’ या मोफत सेवेवर नाव टाकून परवाना पाहता येतो. प्रत्येक नर्स प्रॅक्टिशनरला ‘एनपीआय’ हा १० अंकी क्रमांकही असतो. पण तो केवळ ओळख क्रमांक आहे. परवान्याचा पुरावा नाही.

परवाना आहे, मग विमा का नाकारला जातो?

खरी गफलत इथेच होते. परवाना राज्य देते. विम्यातील सहभाग मात्र विमा कंपनीशी झालेल्या करारावर ठरतो. करारापूर्वी कंपनी शिक्षण, परवाना, प्रमाणपत्र आणि व्यावसायिक चुकांसाठीचा विमा यांची पडताळणी करते. याला ‘क्रेडेन्शिअलिंग’ म्हणतात आणि त्यात अनेकदा काही महिने जातात. त्यामुळे दवाखाना नेटवर्कमध्ये असला, तरी तिथे नव्याने रुजू झालेल्या नर्स प्रॅक्टिशनर नसू शकतात.

शिवाय हा सहभाग योजनेनुसार बदलतो. एकाच कंपनीच्या एका योजनेत त्या असतील, दुसऱ्या योजनेत नसतील. ‘विमा स्वीकारतो’ याचा अर्थ कधीकधी ‘दावा आम्ही पाठवू’ एवढाच असतो. नेटवर्कबाहेर असतील तर उरलेली रक्कम रुग्णाला भरावी लागते.

कायद्याचे संरक्षण किती?

‘नो सरप्राइजेस’ कायदा १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. तातडीचे उपचार आणि नेटवर्कमधील रुग्णालयात नेटवर्कबाहेरच्या व्यक्तीने दिलेली सेवा, अशा प्रसंगी तो अनपेक्षित बिलापासून वाचवतो. पण रुग्ण स्वतःहून नेटवर्कबाहेरच्या दवाखान्यात नेहमीच्या तपासणीसाठी गेला, तर हे संरक्षण सहसा मिळत नाही.

ज्येष्ठांसाठीची सरकारी ‘मेडिकेअर’ योजना नर्स प्रॅक्टिशनरच्या सेवेसाठी डॉक्टरांच्या ठरलेल्या दराच्या ८५ टक्के दर देते. मुलांकडे काही महिन्यांसाठी गेलेल्या भारतीय आई-वडिलांना मात्र मेडिकेअर मिळत नाही. त्यांचा प्रवासी विमा वेगळा असतो आणि जुन्या आजारांवरचे नेहमीचे उपचार त्यात बहुधा नसतात. स्वखर्चाने उपचार घ्यायचे असतील, तर खर्चाचा लेखी अंदाज आधीच मागता येतो. बिल त्या अंदाजापेक्षा ४०० डॉलर किंवा अधिक वाढले, तर तक्रारीची सोय आहे.

वेळ घेण्यापूर्वी काय विचारावे?

दवाखान्याला आणि विमा कंपनीला, दोघांनाही फोन करावा. कार्डावरील योजनेचे पूर्ण नाव, नर्स प्रॅक्टिशनरचा एनपीआय आणि दवाखान्याचा पत्ता सांगून ‘या ठिकाणी, या योजनेत त्या इन-नेटवर्क आहेत का?’ असे नेमके विचारावे. योजनेत प्राथमिक डॉक्टर निवडणे बंधनकारक असेल, तर त्या जागी नर्स प्रॅक्टिशनर चालतात का, हेही विचारावे. रक्त तपासणीची प्रयोगशाळा नेटवर्कमध्ये आहे का, हा प्रश्न अनेकदा राहून जातो. शेवटी फोनची तारीख, बोलणाऱ्याचे नाव आणि संदर्भ क्रमांक लिहून ठेवावा. बिलावर वाद झालाच, तर ही नोंद उपयोगी पडते.