मातीची गाळणी आणि आपली विहीर

विहिरीचे पाणी जमिनीतून गाळून येते, म्हणून ते शुद्ध, असे आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. हे ऐकणे खोटे नव्हे. परंतु ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे ठाऊक नसल्यामुळे पावसाळा लागला की कित्येक घरांत पोरे हगवणीने अंथरूण धरतात, आणि आपण दोष देतो तो बदलत्या हवेला. बेळगाव-निपाणी पट्ट्यातील कुटुंबांनी आपल्या पायांखालची ही गाळणी कशी चालते आणि कोठे फाटते, हे एकदा नीट समजून घ्यावे, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

गाळणी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर फडके येते. धाग्यांत कचरा अडकतो आणि पाणी खाली जाते. माती हेही काम करते. पण तिचे मोठे काम निराळेच आहे. ते फ्रान्समध्ये १८७७ साली श्लेसिंग व म्युंत्झ या दोन शास्त्रज्ञांनी उघडकीस आणले. पॅरिससारख्या शहराच्या मैलापाण्याचे काय करावे, हा त्या काळी तेथे मोठाच प्रश्न होता. त्यांनी एक लांब नळी घेतली, तीत वाळू व चुनखडी भरली आणि वरून सांडपाणी थेंबथेंब सोडले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. वरून जेवढा अमोनिया जाई, तेवढाच खालून बाहेर पडे. पुढे मात्र अमोनिया कमी होऊ लागला आणि त्याच्या जागी नायट्रेट, म्हणजे सोऱ्यातले द्रव्य, उतरू लागले. वाळू तर तीच होती! नुसत्या वाळूचाच हा गुण असता, तर तो पहिल्या दिवसापासून का दिसू नये? हे कोणा सजीवाचे काम असावे असा त्यांना संशय आला. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, काम थांबले. वाफ काढून टाकली, तरी ते थांबलेलेच राहिले. मग त्यांनी थोडी चांगली माती पाण्यात कालवून ते पाणी वरून ओतले, आणि काही दिवसांनी नळी पुन्हा कामाला लागली.

त्या वाळूत वस्तीला आले होते ते सूक्ष्म जीवाणू. चिमूटभर मातीतही ते कोट्यवधींनी असतात. सांडपाण्यातील घाण हे त्यांचे अन्न. आपण भाकरी खातो आणि श्वासाने घेतलेल्या प्राणवायूच्या साहाय्याने ती पचवितो, तसेच तेही करतात, आणि घाणीचा शेवट होतो तो पाण्यात आणि कर्बवायूत. प्राणवायू संपला, तर खोल जागी दुसऱ्या जातीचे जीवाणू नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेतात व उरलेला नत्रवायू निरुपद्रवी होऊन हवेत जातो. पटकी, विषमज्वर, हगवण यांचे रोगजंतू मात्र माणसाच्या उबदार आतड्यांचे रहिवासी. थंड मातीत त्यांची उपासमार होते, चिकणमातीच्या कणांना ते चिकटून बसतात, आणि मातीतले इतर सूक्ष्म जीव त्यांना गिळून टाकतात. म्हणूनच युरोपातील काही देशांत असा दंडक आहे, की घाण पडण्याच्या जागेपासून विहिरीपर्यंत यावयास पाण्याला जमिनीखाली निदान पन्नास दिवस लागले पाहिजेत.

या जीवाणूंची भूक कोठवर जाते, हे पाहिले की विधात्याच्या योजनेचे नवल वाटते. निपाणीचे नाव देशभर झाले ते तंबाखूमुळे, आणि तंबाखूतील निकोटिन हे जहाल विष, हे आपणांस ठाऊक आहे. तंबाखूच्या शेतातील मातीत याच निकोटिनावर उपजीविका करणारे जीवाणू शास्त्रज्ञांना सापडले आहेत. खनिज तेलाचीही तीच गोष्ट. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात बेमिजी गावाजवळ १९७९ च्या ऑगस्टमध्ये तेलाची नळवाहिनी फुटून सुमारे १७ लाख लिटर कच्चे तेल सांडले. बरेचसे उपसून काढले, तरी पुष्कळ जमिनीत मुरलेच. तेव्हापासून त्या जागेचा सतत अभ्यास चालू आहे. भूजलात उतरलेल्या बेंझीनसारख्या विषारी द्रव्यांना तेथील जीवाणू वाटेतच खात असल्याने ती फार दूर पसरू शकलेली नाहीत. पण इतकी वर्षे लोटूनही तेथले तेल संपलेले नाही, हेही लक्षात ठेवावे. निसर्ग आपल्या सवडीने काम करतो.

तेव्हा मातीला तीन गोष्टी हव्यात: हवा, अंतर आणि वेळ. आणि आमच्या मते याच तिन्ही गोष्टी आज आपण तिच्यापासून हिरावून घेत आहोत.

आपल्या भागाची जमीन मुळातच नाजूक आहे. बेळगावच्या माळावर जांभा खडक आहे. त्याला आरपार छिद्रे असतात. निपाणीकडे काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मग काळा कातळ. ही काळी माती ओली असता पाणी सहसा सोडीत नाही. पण उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि वळवाचे पाणी त्यांतून थेट खाली उतरते. कातळात तर पाणी वाहते ते चिरांमधून. मातीच्या कणांतून वाट काढणारे पाणी दिवसाला काही वीत सरकेल; चिरेतून तेच पाणी एका दिवसात शेजारच्या वाड्यापर्यंत पोहोचू शकते. तेथे जीवाणूंना घास घेण्याइतकीही उसंत मिळत नाही.

आता या जमिनीत आपण काय करतो पाहा. संडासाचा खड्डा जितका खोल, तितका तो भरावयास उशीर लागेल, म्हणून मुरूम फोडून दहा-पंधरा फूट खाली जातो. जीवाणूंची दाट वस्ती असते ती वरच्या हात-दोन हात मातीत. खोल खड्डा म्हणजे ही सारी वस्ती ओलांडून घाण कातळाच्या चिरेशी नेऊन पोहोचविणे होय! घराघराला कूपनलिका झाली. तिच्या तोंडाभोवती काँक्रीटचा ओटा नसेल, तर अंगणातले पाणी तिच्या नळीलगत सरळ खाली जाते. आणि बेळगावचे सांडपाणी घेऊन शेताशिवारांतून वाहणारा बळ्ळारी नाला पाहिला, म्हणजे माती कितीही कष्टाळू असली तरी तिच्या ताटात वाढावे किती, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

काही द्रव्यांपुढे तर ती हतबलच होते. मीठ कोणताही जीवाणू खात नाही. उसाला दिलेल्या युरियाचे जमिनीत नायट्रेट होते, आणि पिकाने न उचललेले नायट्रेट पाण्याबरोबर खाली उतरते. हवेशीर कातळात ते मोडणारे जीवाणू काम करीत नाहीत. आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे एक लिटर पिण्याच्या पाण्यात ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट असू नये. अशा पाण्यात भुकटीचे दूध कालवून सहा महिन्यांच्या आतील बाळाला पाजल्यास त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि अंग निळसर पडते. मातांनी येथे एक गोष्ट विसरू नये: पाणी उकळल्याने रोगजंतू मरतात, नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढतेच.

हे सारे वाचून विहिरीच बुजवाव्या असे कोणी म्हणेल, तर ते आम्हांस मान्य नाही. १९२४ च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले, तेव्हा टिळकवाडीत खास विहीर खोदली गेली. ती आजही काँग्रेस विहीर म्हणून ओळखली जाते. पुढे नळ आले, आणि शहरातील जुन्या विहिरी हळूहळू कचऱ्याच्या धनी झाल्या. १९९५ च्या टंचाईत मात्र त्यांची आठवण झाली. गाळ काढून, पुन:पुन्हा उपसून, या जुन्या विहिरी वापरात आणण्यात आल्या. त्यांत काँग्रेस विहीरही होती. उपशाने विहीर नुसती रिकामी होत नाही; साचलेले कुजके पाणी जाऊन झऱ्यांचे ताजे पाणी आत येते आणि त्याबरोबर प्राणवायूही येतो. याकोबाच्या विहिरीवर पिढ्यान् पिढ्या माणसे व गुरे पाणी पीत आली, असे शुभवर्तमानात आपण वाचतो. चालती विहीरच जिवंत राहते. दिवंगत परमगुरू फ्रान्सिस यांनी तर २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात पिण्याचे निर्धोक पाणी हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क म्हणून सांगितला आहे.

२४ जून रोजी संत योहान बाप्तिस्ता यांचा सण येतो. गोव्याकडे त्या दिवशी तरुण मंडळी मोठ्या हौसेने विहिरींत उड्या घेतात. त्या आनंदावर विरजण घालण्याची आमची इच्छा नाही. पण पहिल्या पावसाने अंगणे, गोठे व उकिरडे धुऊन आणलेली घाण नेमकी त्याच दिवसांत विहिरीत उतरलेली असते. ज्या विहिरीत उडी, ते पाणी त्या आठवड्यात पिण्यास घेऊ नये, एवढेच सांगतो.

नवा संडास बांधणाऱ्यांनी एका खोल खड्ड्याऐवजी दोन उथळ खड्डे घ्यावेत, प्रत्येक सुमारे चार फुटांचा, कडेने जाळीदार विटा लावून. एक भरला की दुसरा चालू करावा. पहिला झाकून वर्ष-दीड वर्ष तसाच ठेवला, की मातीतले जीवाणू आपले काम पुरे करतात आणि आत उरते ते वासरहित खत. विहिरीपासून हे खड्डे निदान ५० फूट दूर आणि उताराच्या बाजूला असावेत. कातळ भेगाळ असेल, तर त्याहून पुष्कळ दूर. उकिरड्यालाही हाच नियम.

पावसाळ्यात टीसीएल पावडरीचा आधार घ्यावाच. प्रमाण हजार लिटर पाण्यास अडीच ग्रॅम. दहा फूट व्यासाच्या विहिरीत तेरा फूट पाणी असेल, तर ते सुमारे २९ हजार लिटर भरते. त्यास सुमारे ७२ ग्रॅम ताजी पावडर पुरते. ती बादलीत कालवून निवू द्यावी, वरचे निवळ पाणी पोहऱ्याने विहिरीत सोडून चांगले ढवळावे, आणि तासभर कोणी पाणी शेंदू नये. बादलीच्या तळाशी बसलेला चुना विहिरीत टाकू नये; त्याने पाणी जड होते.