पिस्तूल जवळ बाळगणे (अमेरिका)

स्वसंरक्षणासाठी भरलेले पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर कपड्यांखाली झाकून रोजच्या व्यवहारात सोबत ठेवण्याच्या प्रथेला अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ‘कन्सील्ड कॅरी’, म्हणजेच छुपे शस्त्रधारण, असे म्हणतात. तेथील बहुतेक प्रौढ नागरिकांना हा पर्याय कायद्याने खुला आहे. त्यामुळे शस्त्र बाळगावे की नाही, आणि बाळगायचे तर कोणते, हा तेथे व्यक्तिगत निर्णयाचा प्रश्न ठरतो. या निर्णयात एका बाजूला क्वचित उद्भवणारा जीवघेणा प्रसंग असतो, तर दुसऱ्या बाजूला शस्त्र दररोज अंगावर आणि घरात असण्याचे धोके असतात.

कायदेशीर पार्श्वभूमी

अमेरिकेच्या राज्यघटनेतील दुसरी दुरुस्ती (१७९१) नागरिकांच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्कासंबंधी आहे. तथापि शस्त्र लपवून नेण्यावर निर्बंध घालण्याची परंपराही जुनी असून केंटकी व लुइझियाना या राज्यांनी १८१३ सालीच तसे कायदे केले होते. फ्लोरिडाने १९८७ साली ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक अर्जदाराला परवाना देण्याची पद्धत स्वीकारली आणि पुढील काळात अनेक राज्यांनी तिचे अनुकरण केले. इलिनॉयने २०१३ साली परवानगी दिल्यानंतर संपूर्ण बंदी असलेले एकही राज्य उरले नाही.

स्वसंरक्षणासाठी घरात हँडगन ठेवणे हा व्यक्तीचा हक्क आहे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली ‘डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विरुद्ध हेलर’ या खटल्यात दिला. २०२२ सालच्या ‘ब्रुएन’ खटल्यात हा हक्क घराबाहेरही मान्य झाला आणि परवान्यासाठी विशेष कारण दाखवण्याची न्यूयॉर्क राज्याची अट रद्द झाली. २०२४ अखेर २९ राज्यांत परवान्याविनाही छुपे शस्त्र बाळगता येत होते. एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात चालतोच असे नाही. न्यायालये, टपाल कार्यालये व विमानतळावरील सुरक्षा तपासणीपलीकडचा भाग येथे शस्त्र नेण्यास मनाई आहे.

शस्त्राची निवड

रोज बाळगण्याच्या शस्त्रांचे दोन मुख्य प्रकार आहेत. रिव्हॉल्वरमध्ये गोळ्या फिरत्या नळकांड्यात असतात. त्याची रचना सोपी असते. मात्र खिशात मावणाऱ्या लहान रिव्हॉल्वरमध्ये बहुधा पाचच गोळ्या बसतात आणि त्याचा चाप ओढण्यास जड असतो. अर्धस्वयंचलित पिस्तुलात गोळ्या मुठीतील मॅगझीनमध्ये असतात. मध्यम आकाराच्या ‘ग्लॉक १९’ या पिस्तुलाच्या मॅगझीनमध्ये ९ मिलिमीटरच्या १५ गोळ्या मावतात, तर २०१८ साली बाजारात आलेल्या ‘सिग पी३६५’ या छोट्या पिस्तुलात १०. पिस्तुलात अधिक गोळ्या मावतात आणि ते लवकर भरता येते; परंतु गोळी अडकल्यास ती मोकळी करण्याचा सराव असावा लागतो.

आकाराच्या बाबतीत सोय आणि उपयुक्तता यांचा मेळ सहजी बसत नाही. लहान व हलके शस्त्र दिवसभर बाळगणे सुसह्य असते. पण त्याची मूठ आखूड असते, झटका अधिक बसतो आणि नेम साधणे कठीण जाते. मोठे शस्त्र चालवण्यास सोपे असले, तरी ते कपड्यांखाली लपत नाही आणि जड वाटू लागल्यावर घरीच ठेवले जाते. चाप पूर्णपणे झाकणारे कडक म्यान (होल्स्टर) नसल्यास कपड्याचा किंवा वस्तूचा अडथळा लागून गोळी सुटण्याचा धोका असतो. पर्समध्ये किंवा खिशात सुटे ठेवलेले पिस्तूल या दृष्टीने विशेष घातक ठरते.

अनुकूल मुद्दे

शस्त्रधारणाच्या समर्थनार्थ मांडला जाणारा प्रमुख मुद्दा वेळेचा आहे. हल्ला काही सेकंदांत घडतो, तर पोलीस येण्यास मिनिटे लागतात. विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात याहूनही अधिक. दुसरा मुद्दा शारीरिक बळातील तफावतीचा होय. वृद्ध, अपंग किंवा पाठलागाला तोंड देणाऱ्या स्त्रीला बलवान हल्लेखोराशी झुंजण्याचे अन्य साधन क्वचितच असते. शिवाय अनेक प्रसंगी शस्त्र दाखवल्यानेच हल्लेखोर माघार घेतो आणि गोळी झाडावी लागत नाही.

असे प्रसंग किती घडतात, याविषयी मात्र तीव्र मतभेद आहेत. गॅरी क्लेक व मार्क गर्ट्झ यांनी १९९५ साली दूरध्वनी सर्वेक्षणावरून वर्षाला सुमारे २५ लाख असा अंदाज मांडला. सरकारच्या गुन्हेपीडित सर्वेक्षणावरून येणारा आकडा एक लाखाच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे. प्रश्न विचारण्याच्या पद्धतीतील फरक हे या तफावतीचे एक प्रमुख कारण आहे.

प्रतिकूल मुद्दे

शस्त्र जवळ असणे म्हणजे ते वेळेवर हाती येणे नव्हे. सॉल्ट लेक सिटीतील पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ साली दाखवून दिले की, चाकूधारी माणूस २१ फुटांचे अंतर साधारण दीड सेकंदात पार करतो. शस्त्र बाहेर काढून नेमका वार करण्यास प्रशिक्षित पोलिसालाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. न्यूयॉर्क पोलिसांविषयीच्या २००८ सालच्या रँड संस्थेच्या अहवालानुसार, समोरूनही गोळीबार होत असताना पोलिसांच्या सुमारे १८ टक्केच गोळ्या लक्ष्यावर लागल्या. चुकलेल्या गोळीने आसपासच्या व्यक्तीला इजा झाल्यास तिची जबाबदारी झाडणाऱ्यावर येऊ शकते.

दुसरा धोका सवयीतून येणाऱ्या विस्मरणाचा आहे. २०२३ साली अमेरिकी विमानतळांवरील तपासणीत ६,७३७ बंदुका सापडल्या आणि त्यांपैकी सुमारे ९३ टक्के भरलेल्या होत्या. बंदी असलेल्या ठिकाणी जाताना मोटारीत ठेवलेली शस्त्रे चोरीला जातात, हीही नेहमीची समस्या आहे.

सर्वांत गंभीर धोका घरातला आहे. २०२२ साली अमेरिकेत बंदुकीमुळे ४८,२०४ मृत्यू झाले. त्यांपैकी २७,०३२, म्हणजे निम्म्याहून अधिक, आत्महत्या होत्या. कॅलिफोर्नियातील सुमारे २.६ कोटी प्रौढांवर आधारित २०२० सालच्या अभ्यासात, हँडगन असलेल्या पुरुषांमध्ये बंदुकीने आत्महत्या करण्याचे प्रमाण ती नसलेल्या पुरुषांच्या सुमारे आठपट आढळले; स्त्रियांमध्ये ते सुमारे ३५ पट होते. निराशेची तीव्र लाट अनेकदा ओसरते. परंतु बंदुकीने केलेल्या प्रयत्नातून बहुतेक जण वाचत नाहीत. लहान मुलांच्या हाती भरलेले पिस्तूल लागून होणारे अपघात याच धोक्याचा भाग होत. अंगावरून उतरवलेले शस्त्र कुलूपबंद पेटीत ठेवल्यास हा धोका कमी होतो.

गुन्हेगारीवरील परिणाम

जॉन लॉट यांनी १९९८ सालच्या पुस्तकात, परवाने सुलभ झाल्याने गुन्हे घटतात, असे प्रतिपादन केले. राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने २००४ साली उपलब्ध पुराव्यांवरून असा कार्यकारणसंबंध ठरवता येत नाही, असा निष्कर्ष काढला. जॉन डोनोह्यू व सहकाऱ्यांच्या २०१९ सालच्या अभ्यासानुसार, असे कायदे लागू झाल्यानंतर दहा वर्षांत हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण, कायदा नसता तर अपेक्षित असलेल्या प्रमाणापेक्षा, १३ ते १५ टक्के अधिक राहिले.

भारतीयांच्या संदर्भात

भारतात शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवाना आवश्यक असून २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकास जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पोलीस आयुक्त, तर अन्यत्र जिल्हा दंडाधिकारी परवाना देतात. अमेरिकेत एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर राहणाऱ्या व्यक्तीस, वैध शिकार परवान्यासारखे अपवाद वगळता, बंदूक जवळ ठेवण्यास संघीय कायद्याने मनाई आहे. कायमस्वरूपी निवासी (ग्रीन कार्डधारक) मात्र बंदूक बाळगू शकतात. त्यामुळे तेथे स्थायिक होत असलेल्या मराठी कुटुंबांनी प्रथम आपली कायदेशीर स्थिती तपासणे आवश्यक ठरते.

निर्णयाचे निकष

वरील माहितीवरून दिसते की, पिस्तुलाचा लाभ विशिष्ट प्रसंगापुरता मर्यादित असतो, तर त्याची जोखीम नित्याची असते. म्हणून व्यक्तीला असलेला धोका खरा व नजीकचा आहे काय, घरात मुले किंवा मानसिक तणावाखालील कोणी आहे काय, आणि नियमित सराव व सुरक्षित साठवण यांची तयारी आहे काय, हे प्रश्न शस्त्राच्या निवडीपूर्वी येतात. या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक नसतील, तर शस्त्राचा धोका हल्लेखोरापेक्षा बाळगणाऱ्याला आणि त्याच्या कुटुंबीयांनाच अधिक संभवतो.