चकाकत्या पत्र्याखालचा प्लायवूड

दुबईपासून सुमारे 130 किलोमीटरवर, हजर डोंगररांगेत हत्ता हे गाव आहे. थंडीच्या दिवसांत धरण पाहायला जाणारी मराठी कुटुंबं तिथलं ट्रेलरचं हॉटेल पाहून हमखास थबकतात. चाकांवरच्या घराची हौस अमिरातीला नवी नाही. अबू धाबीचे शेख हमद बिन हमदान अल नाह्यान यांच्यासाठी 1990 साली बांधलेली पाच मजली कॅरव्हॅन 20 मीटर लांब आणि 120 टन वजनाची आहे.

तरी ट्रेलर म्हटलं की जगभर नाव निघतं एअरस्ट्रीमचं. वॉली बायम या अमेरिकन माणसाची ही कंपनी. 1936 पासून विमानासारखा रिवेट ठोकलेला ॲल्युमिनियमचा गोलसर सांगाडा ही तिची ओळख झाली. 1969 मध्ये चंद्रावरून परतलेल्या अंतराळवीरांना विलगीकरणात ठेवलं, तो कक्षही एअरस्ट्रीमच्या ट्रेलरमधूनच तयार केला होता. अशी गाडी पिढ्यान्‌पिढ्या टिकते, हा तिचा लौकिक.

लौकिक खरा आहे, पण तो पत्र्याचा. खिडक्यांच्या कडांतून आणि सांध्यांतून झिरपलेलं पाणी जुन्या गाड्यांत तळाच्या प्लायवूडमध्ये मुरतं. तळ आतून कुजतो आणि गाडी बाहेरून लखलखतच राहते.

वाळवंटात पाऊस कुठला, असं वाटेल. पण इथे नुकसानीची सुरुवात ऊन करतं. 8 मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा पत्रा पहाटेच्या 20 अंशांवरून दुपारी 60 अंशांवर गेला, तर सुमारे 7 मिलिमीटरनं वाढू पाहतो. रोजच्या या ताणानं सांध्यांतलं सीलंट तडकतं. मग वर्षातला एखादा जोराचा पाऊसही पुरतो. किनाऱ्याजवळ खारी हवा रिवेटांभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे गंजाचे बारीक धागे विणते, ते वेगळंच.

अमेरिकेतून थेट आणलेल्या गाडीचं आणखी एक दुखणं म्हणजे वीज. तिची उपकरणं 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झची. अमिरातीत 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. म्हणून जुन्या एसीच्या जागी इथल्या विजेवर चालणारा एसी बसवणंच शहाणपणाचं. एक गोष्ट मात्र आयती जुळते. दार उजव्या अंगाला असल्यामुळे अमिरातीत रस्त्याकडेला थांबल्यावर ते वाहतुकीच्या बाजूला उघडत नाही. भारतात नेमकं उलट झालं असतं.

घ्यायचीच असेल, तर पॉलिश पाहण्याआधी गुडघ्यांवर बसून आत मागच्या कोपऱ्यातल्या जमिनीत टोचा खुपसून पाहावा. टोक सहज आत गेलं, तर किमतीची बोलणी तिथूनच नव्यानं सुरू करावीत.