धसका आणि मेंदूचे वय



गेल्या महिन्यात मोठ्या गटाला ‘आमचे शेजारी’ हा निबंध दिला होता. एका विद्यार्थ्याने शेजारच्या आजोबांविषयी लिहिले. ते अग्निशमन दलात होते आणि २००१ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांच्या ढिगाऱ्यावर त्यांनी कित्येक दिवस काम केले होते. निबंधात एक वाक्य असे होते की आकाश त्या दिवसासारखे स्वच्छ निळे असले तर आजोबा बाहेर पडत नाहीत, आणि हल्ली ते नावे विसरतात. वर्गात लगेच कोणीतरी विचारले, “या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे का?” प्रश्न आम्हाला फार आवडला. या अंकातली ही पाने त्यालाच दिली आहेत. छोट्या मुलांनी आईबाबांना शेजारी बसवून वाचावे.

मराठीत ‘धसका घेणे’ असा शब्दप्रयोग आहे. एखादी भीती मनात खोल जाऊन बसली की आपण म्हणतो, त्याने धसका घेतला. अपघात, युद्ध, भूकंप, मारहाण, जवळच्या माणसाचा डोळ्यांदेखत मृत्यू, अशा प्रसंगानंतर झोप न लागणे, आवाजाने दचकणे हे साहजिकच आहे. बहुतेकांचा धसका हळूहळू ओसरतो. काहींचा मात्र महिने गेले, वर्षे गेली तरी ओसरत नाही. तो प्रसंग स्वप्नात येतो, जागेपणीही समोर उभा राहतो. त्याची आठवण करून देणाऱ्या जागा आणि माणसे टाळली जातात, आणि अंग सतत सावध राहते. या आजाराला डॉक्टर पी.टी.एस.डी. म्हणतात. मराठी नाव आहे ‘आघातोत्तर ताणविकार’. शब्द लांबलचक आहे, पण फोडला की सोपा होतो: आघात म्हणजे तडाखा, आणि उत्तर म्हणजे नंतरचा. (उत्तर दिशा नव्हे, बरे का!) पहिल्या महायुद्धात याला ‘शेल शॉक’ म्हणत. आजचे नाव अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत १९८० साली आले. अमेरिकेत शंभरातल्या सुमारे सहा जणांना आयुष्यात केव्हातरी हा आजार होतो, तेव्हा तो फक्त सैनिकांचा आहे असे समजू नये.

आता मेंदूत डोकावू. दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला, खोलवर, बदामाच्या आकाराचा एकेक छोटा भाग असतो. त्याचे नाव अमिग्डाला, आणि ग्रीक भाषेत त्याचा अर्थही बदामच. हा आपला पहारेकरी. धोका दिसला की तो घंटा वाजवतो, काळीज धडधडते, हातपाय पळायला तयार होतात. त्याला चिकटूनच करंगळीएवढा, बाकदार हिप्पोकॅम्पस असतो. ग्रीकमध्ये हे घोडामाशाचे नाव, कारण तो दिसतो तसाच. हा आपला कारकून. कोणती गोष्ट कुठे घडली, केव्हा घडली, आणि ती संपली की नाही, याची तो नोंद ठेवतो. तिसरा कपाळामागचा भाग. तो घरातल्या वडीलधाऱ्यांसारखा पहारेकऱ्याला सांगतो, “अरे, फटाका आहे तो, गोळी नव्हे. बस खाली.”

पी.टी.एस.डी.मध्ये या तिघांचा मेळ बिघडतो. पहारेकरी उठसूट घंटा बडवतो, वडीलधाऱ्यांचा आवाज त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही, आणि ‘हे घडून गेले, संपले’ अशी नोंद कारकुनाकडे पक्की होत नाही. दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून पितात, ही म्हण तुम्ही शिकला आहातच. इथे माणूस ताकच काय, साधे पाणीदेखील फुंकून पितो, आणि तेही वीस वर्षे. म्हणून निळे आकाशसुद्धा धोक्याची खूण होते.

पण याचा म्हातारपणाशी संबंध काय? वय वाढले की सगळ्यांचाच मेंदू थोडा थोडा आकसतो, जसे केस पिकतात तसे. शास्त्रज्ञांनी यावरून एक युक्ती काढली आहे. हजारो निरोगी माणसांच्या मेंदूची एम.आर.आय. चित्रे आणि त्यांची वये संगणकाला शिकवायची, आणि मग नवे चित्र दाखवून वय ओळखायला सांगायचे. माणूस पंचावन्नचा आणि संगणक म्हणाला साठ, तर मेंदू वयापेक्षा जास्त थकलेला दिसतो असे समजतात. मनोऱ्यांच्या ढिगाऱ्यावर काम केलेल्यांची अशी तपासणी अलीकडे झाली. पी.टी.एस.डी. असलेल्यांचे मेंदू, तेच काम करून हा आजार न झालेल्यांच्या मेंदूंपेक्षा, सरासरीने अधिक वयस्क दिसले. त्याआधी २०१६ साली लाँग आयलंडवरील स्टोनी ब्रुक विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा आठशेहून अधिक जणांची स्मरणशक्ती तपासली होती. सरासरी वय होते जेमतेम ५३, तरीही शंभरातल्या बारा-तेरा जणांमध्ये स्मृती आणि विचारशक्ती मंदावल्याची चिन्हे सापडली. पी.टी.एस.डी. असलेल्यांत त्यांचे प्रमाण जास्त होते.

याहून मोठी एक पाहणी मात्र निवृत्त सैनिकांची आहे. कॅलिफोर्नियातील डॉ. क्रिस्टीन याफी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५५ वर्षांवरील सुमारे १ लाख ८१ हजार निवृत्त अमेरिकन सैनिकांच्या नोंदी पाहिल्या आणि २०१० मध्ये निष्कर्ष छापला. सात वर्षांत पी.टी.एस.डी. असलेल्यांपैकी १०.६ टक्के लोकांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झाला. आजार नसलेल्यांत हेच प्रमाण ६.६ टक्के होते. डोक्याला मार लागलेले, दारूचे व्यसन असलेले असे लोक वगळून पाहिले तरी फरक राहिलाच. आमची पालकांना विनंती आहे की हा आकडा घाबरून वाचू नका. शंभरातल्या सुमारे नव्वद जणांना त्या सात वर्षांत स्मृतिभ्रंश झाला नाही, हेही याच पाहणीत आहे.

आता एक गमतीचा आणि महत्त्वाचा पेच. पी.टी.एस.डी. असलेल्यांचा घोडामासा लहान असतो, हे बऱ्याच पाहण्यांत दिसले होते. सगळ्यांना वाटले, आघातामुळे तो आकसला. मग २००२ मध्ये एका अमेरिकन गटाने एकसारख्या जुळ्या भावांच्या चाळीस जोड्या तपासल्या. प्रत्येक जोडीतला एक व्हिएतनामच्या लढाईत गेलेला, दुसरा लढाईत न गेलेला. ज्याला तीव्र पी.टी.एस.डी. झाला त्याचा घोडामासा लहान होता, पण घरी राहिलेल्या त्याच्या भावाचाही तेवढाच लहान निघाला! म्हणजे काहींच्या बाबतीत तो आधीपासूनच लहान असावा, आणि त्यामुळेच धसका पक्का बसत असावा. कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे शास्त्रात किती जपून ठरवावे लागते, ते या भावांकडून शिकावे. ढिगाऱ्याच्या बाबतीत तर आणखी एक संशयित आहे, तिथली विषारी धूळ. म्हणून आमच्या विद्यार्थ्याचे शेजारी नावे का विसरतात, हे त्यांना तपासणारे डॉक्टरच सांगू शकतील.

तरीही आघातानंतर मेंदू लवकर थकण्याची काही कारणे पटण्यासारखी आहेत. उंदरांना दीर्घकाळ ताणाखाली ठेवले, तर त्यांच्या हिप्पोकॅम्पसमधील पेशींच्या फांद्या छाटल्यासारख्या आखूड होतात. माणसांत हे इतके सरळ नाही. पी.टी.एस.डी.च्या कित्येक रुग्णांत कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढलेले नसते, उलट कमीही आढळते. झोपेचे कारण आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते. गाढ झोपेत मेंदू दिवसभराचा केरकचरा धुऊन काढतो, असे २०१३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर येथे उंदरांवरील प्रयोगांत दिसले. वाईट स्वप्नांनी रोज रात्री दोनदा दचकून उठणाऱ्या माणसाची ही साफसफाई कशी व्हावी? त्यात वाढलेला रक्तदाब, सिगारेट, दारू, घरात कोंडून घेणे, व्यायाम सुटणे. यातली प्रत्येक गोष्ट मेंदूला स्वतंत्रपणेही अपाय करते, आणि या आजारात त्या बहुधा हातात हात घालून येतात.

पालकहो, आपल्या घरांत अशा वेळी काय म्हणतात ते आपल्याला ठाऊक आहे. “झाले गेले, विसरून जा.” म्हणणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण ज्याच्या मेंदूत प्रसंग संपल्याची नोंदच झालेली नाही, त्याने विसरायचे कसे? उपचार नेमका उलट्या दिशेने जातो. प्रशिक्षित तज्ज्ञासमोर, सुरक्षित खोलीत, तो प्रसंग थोडा थोडा, पुन्हा पुन्हा सांगायचा, जोवर पहारेकऱ्याची खात्री पटत नाही की ही आता केवळ आठवण आहे. काहींना सर्ट्रालीनसारख्या गोळ्यांचा उपयोग होतो. या उपचारांनी मेंदूचे वय मागे सरकते असे कोणी सिद्ध केलेले नाही. मात्र दचकणे कमी होते, झोप सुधारते, माणूस पुन्हा चारचौघांत येतो. वीस-पंचवीस वर्षे उलटली असली तरी उपचार करता येतात.

२००१ साली खालच्या मॅनहॅटनमध्ये नोकरीला असलेले पालक आपल्या वर्गातही आहेत. त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितो: वर्ल्ड ट्रेड सेंटर हेल्थ प्रोग्रॅम ही सरकारी योजना फक्त अग्निशामकांची नाही. त्या परिसरात त्या काळात काम करणारे, राहणारे, शाळेत जाणारे यांनाही त्रास असेल तर अर्ज करता येतो, आणि पी.टी.एस.डी. त्या आजारांच्या यादीत आहे. अर्ज भरायला मदत हवी असल्यास वर्ग सुटल्यावर आम्हाला भेटा. कोणी फार अस्वस्थ असेल, जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलत असेल, तर ९८८ हा नंबर दिवसरात्र चालू असतो.