जाळायचं, पण अर्धंच

लातूर जिल्ह्यातल्या मुरुड परिसरातला ऊस मांजरा, विलास किंवा रांजणीच्या नॅचरल शुगरसारख्या कारखान्यांच्या गव्हाणीत पडतो. साखर निघाल्यावर उरलेल्या मळीचं अल्कोहोल होतं आणि हल्ली त्यातलं बरंचसं पेट्रोलमध्ये मिसळून गाड्यांत जळतं. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या उसाचं अल्कोहोल नुसतं जाळून टाकणं ही मला चैन वाटते. त्याच अल्कोहोलला हवेतला ऑक्सिजन बेताने लागू दिला, तर ॲसिटाल्डिहाइड मिळतं, आणि त्यापुढे ॲसिटिक आम्ल. महाडची लक्ष्मी ऑरगॅनिक किंवा कोपरगाव तालुक्यातल्या साकरवाडीची गोदावरी बायोरिफायनरीज अल्कोहोलपासून अशीच रसायनं बनवतात. अडचण एवढीच की हवा फुकट असली तरी तिला आवर नसतो. एकदा पेट घेतला की अल्कोहोलचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होऊनच ती थांबते.

हा आवर घालण्याचं काम घन धातू करतो. प्लॅटिनम, पॅलेडियम, चांदी किंवा सोन्याच्या पृष्ठभागावर अल्कोहोलचा रेणू टेकला की त्याचे दोन हायड्रोजन सुटतात, ऑक्सिजन त्यांचं पाणी करून टाकतो आणि उरलेला रेणू निघून जातो. धातू स्वतः खर्ची पडत नाही, म्हणून त्याला उत्प्रेरक म्हणायचं. ही गोष्ट नवी मुळीच नाही. हम्फ्री डेव्हीने १८१७ मध्येच दाखवलं होतं की ज्वलनशील वायू आणि हवेच्या मिश्रणात प्लॅटिनमची तार ज्योतीशिवाय लाल तापते. आज प्लायवूडच्या डिंकाला लागणारं फॉर्मल्डिहाइड मिथेनॉलची वाफ आणि हवा चांदीच्या थरातून सोडून बनवतात. तिथे तापमान ६०० ते ७०० अंश सेल्सिअस असतं आणि थरातून बाहेर पडताच वायू क्षणार्धात थंड करावा लागतो. नाहीतर हाती आलेला माल तिथेच मोडतो.

याला पर्याय म्हणजे क्रोमियम. प्रयोगशाळेतलं ते नारिंगी द्रावण अल्कोहोल घातलं की हिरवं होतं, हे अनेकांनी कॉलेजात पाहिलं असेल. त्याचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. १३२ किलो ॲसिटाल्डिहाइडसाठी १३८ किलो अल्कोहोल, २०० किलो क्रोमियम ट्रायऑक्साइड आणि २९४ किलो सल्फ्युरिक आम्ल लागतं; मागे उरतं ३९२ किलो क्रोमियम सल्फेट. म्हणजे मालाच्या जवळजवळ तिप्पट गाळ. शिवाय न वापरलं गेलेलं सहासंयुजी क्रोमियम कर्करोगकारक. हवेने तेच काम करताना ४८ किलो ऑक्सिजन लागतो आणि ५४ किलो पाणी उरतं. मोठ्या कारखान्यात अल्कोहोलवर क्रोमियम कुणी ओतत नाही, हे खरं. पण औषधं आणि सुगंधी द्रव्यांच्या लहान घाण्यांमध्ये क्रोमियम आणि परमँगनेटची सवय सहजी सुटलेली नाही, आणि माझा खरा रोख तिकडेच आहे.

सोनं-पॅलेडियम परवडणार कसं, हा पहिला आक्षेप. धातू लागतो अत्यल्प, तोही टायटॅनियम ऑक्साइडसारख्या स्वस्त भुकटीवर बारीक कणांनी बसवलेला. काम झालं की गाळून पुन्हा वापरता येतो. मात्र तो द्रावणात विरघळून जात नाही ना, हे गरम असतानाच गाळून तपासायला हवं. तसं न तपासता ‘घन उत्प्रेरक’ म्हणून मिरवलेले दावे मी तरी मोजणार नाही. दुसरा आक्षेप स्फोटाचा, आणि तो जास्त वजनदार आहे: हवेत इथेनॉलची वाफ साधारण ३.३ ते १९ टक्के असली की ठिणगी पुरते. म्हणून मिश्रण या पट्ट्याबाहेर ठेवायचं, किंवा हवेत नायट्रोजन मिसळून ऑक्सिजन पातळ करायचा. यासाठी यंत्रणा आणि शिकलेली माणसं लागतात. त्यात ॲसिटाल्डिहाइड सुमारे २० अंशांनाच उकळतं, म्हणजे मराठवाड्याच्या उन्हाळ्यात टाकीत ते नेहमी थंडच ठेवावं लागणार. प्रत्येक साखर कारखान्याने उद्या असा प्रकल्प टाकावा, असं म्हणूनच मी सुचवणार नाही. राहिला इंधनाच्या भावाचा मुद्दा. सरकारने ठरवलेल्या दराने तेल कंपन्या इथेनॉल घेतात, मग ही उठाठेव कशाला? डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंधन आणलं, तेव्हा कर्ज काढून उभारलेल्या डिस्टिलऱ्यांना एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून राहण्याची किंमत कळली. रसायन विकणाऱ्याकडे तेव्हा निदान दुसरं गिऱ्हाईक होतं.