झाशी हीरोज, ग्वाल्हेर आणि वॉटर्लू

१८८६ साली इंग्रज आणि शिंदे यांच्यात एक अदलाबदल झाली. ग्वाल्हेरचा किल्ला आणि मुरारची छावणी इंग्रजांनी जयाजीरावांना परत दिली, आणि त्या बदल्यात झाशी शहर शिंद्यांकडून काढून घेतलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी, १६ जून १८५८ रोजी सर ह्यू रोझने मुरार जिंकलं होतं आणि लगेचच कोटा-की-सरायजवळच्या लढाईत झाशीची राणी पडली होती. ज्या दोन गावांना त्या आठवड्याने एकमेकांशी कायमचं बांधलं, त्यांचाच पुढे एका कागदावर सौदा झाला.

इतिहासाच्या पुस्तकात हा सौदा एका ओळीत आटोपतो. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत याच दोन गावांनी जगातली सर्वोत्तम हॉकी पाहिली, ही गोष्ट मात्र तिथे येत नाही. झाशीच्या एका गावठी क्लबने कलकत्त्यात जाऊन तिथल्या मातब्बरांना हरवलं. त्या क्लबच्या मैदानावर खेळलेला एक खेळाडू पुढे ग्वाल्हेरकर झाला. आज क्लबचं नाव झाशीत एका मैदानाला उरलं आहे, आणि खेळाडूचं नाव ग्वाल्हेरच्या एका क्रिकेट स्टेडियमला. खेळाडू अमर झाले आणि क्लब विरला. असं का झालं, हा या लेखाचा विषय आहे.

छावणीचा खेळ

मध्य हिंदुस्थानात हॉकी आली ती पलटणींबरोबर. मुरार, झाशी, महू, जबलपूर ही सगळी छावण्यांची गावं. कवायतीचं सपाट मैदान तिथे आयतंच होतं. क्रिकेटला लागतो तसला सरंजाम लागत नव्हता. वाकडी काठी आणि एक चेंडू असला की दोन्हीकडची बावीस माणसं कामाला लागत. गोऱ्या सोल्जरांचं पाहून देशी शिपाई खेळू लागले, आणि शिपायांचं पाहून त्यांची पोरं.

अशाच एका शिपायाचं घर झाशीत स्थिरावलं. सामेश्वर सिंग लष्करात होते. मोठा मुलगा ध्यानचंद १९०५ मध्ये अलाहाबादला जन्मला, धाकटा रूपसिंग १९०८ मध्ये जबलपूरला. बदल्यांमागे फिरणाऱ्या या कुटुंबाला झाशीत जागा मिळाली आणि ती पोरं झाशीची झाली. ध्यानचंद १९२२ मध्ये फौजेत भरती झाला. सहा वर्षांनी अ‍ॅम्स्टरडॅमला तो ऑलिंपिकचं सुवर्ण जिंकून आला. त्या स्पर्धेत भारतावर एकही गोल झाला नाही. साखळीत १८ मे १९२८ रोजी भारताने बेल्जियमला ९-० असं धुतलं. हा बेल्जियम ध्यानात ठेवावा, पुढे तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

१९३२ च्या लॉस एंजेलिसला धाकटा भाऊही गेला. तिथे हॉकीत तीनच संघ होते. ११ ऑगस्टला भारताने अमेरिकेला २४-१ असं हरवलं. त्यात रूपसिंगचे दहा गोल आणि ध्यानचंदचे आठ. पहिला सामना जपानशी होता, तो ११-१ असा संपला. दोन सामन्यांची बेरीज केली तर थोरल्याचे बारा गोल होतात आणि धाकट्याचे तेरा. रूपसिंग आधी जायलाच तयार नव्हता, कारण बोटीवर आणि परदेशात घालण्यासारखे कपडेच त्याच्याकडे नव्हते. मग भावाने त्याला कपडे शिवून दिले, असं सांगतात.

१९३३, कलकत्ता

ऑलिंपिकहून परतल्यावर पुढच्याच वर्षी ध्यानचंदने एक उद्योग केला. १८९५ पासून चालत आलेली बेटन कप स्पर्धा म्हणजे तेव्हाच्या हॉकीची पंढरी. तिथे कलकत्ता कस्टम्स, रेंजर्स असले संघ वर्षानुवर्षं राज्य करत. ध्यानचंदने गावचा संघ, झाशी हीरोज, तिथे उतरवला.

अंतिम सामना कस्टम्सशी. त्यांच्याकडे शौकत अली, असद अली, क्लॉड डीफहोल्ट्स, सीमन, मोहसीन अशी त्या काळची नामांकित मंडळी. हीरोजकडे रूपसिंग, मुंबईच्या जीआयपी रेल्वेकडून खेळणारा इस्माईल, आणि बाकी सगळी कोवळी पोरं. सामन्याचा बराच भाग कस्टम्स झाशीच्या गोलवर चढाई करत होते. गोल आता होतो की मग होतो, अशी अवस्था. तेवढ्यात ध्यानचंद त्या गर्दीतून चेंडू घेऊन निसटला आणि मैदानाच्या मध्यावरून त्याने इस्माईलला लांब पास दिला. इस्माईल अर्धं मैदान एका दमात धावला. कस्टम्सचा लेफ्ट हाफ आणि गोलकीपर यांच्यात चेंडू कुणी घ्यायचा याचा घोळ झाला. इस्माईल दोघांच्या मधून शिरला आणि गोल झाला. सामन्यातला तो एकमेव गोल.

तीन ऑलिंपिक सुवर्णांचा धनी असलेल्या ध्यानचंदने १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गोल’ या आत्मचरित्रात आपला सर्वांत आवडता सामना म्हणून याच सामन्याचं नाव घेतलं आहे. बर्लिनच्या अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ हरवलं, त्याचं नाही. माझ्या मते यात नुसती विनम्रता नाही. देशाच्या संघात अकराच्या अकरा जण निवडून आणलेले असतात. गावाच्या संघात शेजारचा असतो, शाळासोबती असतो, धाकटा भाऊ असतो. त्यांना घेऊन कलकत्ता जिंकणं ही वेगळीच कमाई.

पण याच विजयात क्लबच्या दुखण्याची खूणही दिसते. निर्णायक गोल करणारा इस्माईल रेल्वेचा माणूस होता. संघ उभा राहिला तो ध्यानचंदच्या शब्दावर, आणि तो फौजेत नोकरीला. रजा मिळाली तर कप्तान हजर, पलटण हलली तर कप्तान गायब.

नोकरीची हॉकी

हीच गोष्ट इंदूरजवळच्या महूमध्ये जास्त स्पष्ट दिसते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ज्याच्या कप्तानीखाली भारताने वेम्बलीवर ब्रिटनला ४-० हरवलं, तो किशनलाल महूचा. महूच्या ग्रीन वॉल्स आणि महू हीरोज या क्लबांतून तो पुढे आला. मग इंदूरच्या कल्याणमल मिलकडून खेळला, टिकमगढच्या भगवंत क्लबकडून खेळला आणि १९४१ मध्ये बीबीसीआय रेल्वेत दाखल झाला. क्लब, मिल, संस्थान, रेल्वे असा हा जिना होता. प्रत्येक पायरीवर पगार थोडा वाढत होता आणि गाव थोडं मागे पडत होतं.

महूचाच शंकर लक्ष्मण १९४७ मध्ये बँडवाला म्हणून फौजेत शिरला आणि मराठा लाइट इन्फंट्रीचा झाला. १९५६, १९६० आणि १९६४ अशा तीन ऑलिंपिकमध्ये तो भारताचा गोलकीपर होता. भोपाळ वाँडरर्सचे अहमद शेर खान १९३६ च्या बर्लिनला सुवर्ण जिंकून आले; १९७५ च्या विश्वचषकात मलेशियाविरुद्ध बरोबरीचा गोल करून भारताला वाचवणारा अस्लम शेर खान हा त्यांचाच मुलगा. त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध विजयी गोल मारला ध्यानचंदच्या अशोककुमारने. म्हणजे या पट्ट्यात हॉकी बापाकडून मुलाकडे आली. क्लब मात्र एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे तसा गेला नाही.

कारण पोटापाण्याचं आहे. हॉकी खेळून पैसे मिळत नव्हते, नोकरी मिळत होती. रेल्वे, पोलीस, फौज, मिल, पुढे बँका, विमान कंपन्या आणि तेल कंपन्या यांनी खेळाडूंना आयुष्यभराची भाकरी दिली. त्याबद्दल त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. ज्या घरात कोटाला पैसे नव्हते, त्या घराने पगार नाकारावा अशी अपेक्षा करणं हा पोट भरलेल्यांचा आदर्शवाद झाला. पण खात्याचा संघ गावात मुळं धरत नाही. खात्याला तयार खेळाडू हवा असतो. आठ वर्षांच्या पोराला काठी कशी धरायची हे शिकवणं त्याच्या हिशेबात बसत नाही. ते काम क्लबचं, आणि क्लबला पोसणारं कुणी नव्हतं. १९७६ पासून ऑलिंपिक हॉकी कृत्रिम टर्फवर गेली, तेव्हा मातीच्या मैदानावर कसाबसा जीव धरून असलेल्या छोट्या क्लबांचा उरलासुरला आधारही गेला.

रूपसिंगचं ग्वाल्हेर

रूपसिंग ग्वाल्हेर संस्थानच्या फौजेत कॅप्टन झाला आणि इथेच राहिला. १६ डिसेंबर १९७७ रोजी ग्वाल्हेरमध्येच त्याचं निधन झालं. इथल्या हॉकी स्टेडियमला शहराने त्याचं नाव दिलं, आणि पुढे ते स्टेडियम क्रिकेटला देऊन टाकलं. २२ जानेवारी १९८८ रोजी तिथे भारत आणि वेस्ट इंडिजचा एकदिवसीय सामना झाला. २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिनने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तिथेच नाबाद २०० धावा केल्या. महाराष्ट्रातल्या घराघरात त्या दिवशी ‘कॅप्टन रूपसिंग स्टेडियम’ हे शब्द ऐकले गेले. हा रूपसिंग कोण, हे विचारणारे किती होते?

शहरात खेळाच्या सोयींची वानवा आहे असंही नाही. १९५७ मध्ये, १८५७ च्या उठावाच्या शताब्दीला, झाशीच्या राणीच्या नावाने शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय इथे निघालं; १९९५ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. देशभरचे कोच आणि क्रीडाशिक्षक तिथे घडले. २००६ पासून राज्याची महिला हॉकी अकादमी इथे आहे. मुरारला लागून असलेल्या थाटीपूरमध्ये दर्पण मैदानावर पोरं हॉकी शिकतात. भारताकडून ऑलिंपिक खेळलेला आणि टोकियो व पॅरिसच्या कांस्यपदक विजेत्या संघांचा सहप्रशिक्षक राहिलेला शिवेंद्र सिंग हा ग्वाल्हेरचाच. म्हणजे संस्था आहे, अकादमी आहे, माणसंही आहेत. पण ‘आमचा संघ’ म्हणून रविवारी सकाळी गावाने मैदानावर जावं, असं नाव नाही.

वॉटर्लूची बदकं

आता बेल्जियमकडे वळू. ब्रुसेल्सजवळचं वॉटर्लू हे गाव. जगाला ते ठाऊक आहे १८ जून १८१५ च्या नेपोलियनच्या पराभवामुळे. जूनमधल्या एका पराभवासाठी ओळखलं जाणं हे ग्वाल्हेरला नवीन नाही. त्या छोट्या गावातला हॉकी क्लब म्हणजे वॉटर्लू डक्स. २०१९ मध्ये युरो हॉकी लीग जिंकणारा तो पहिला बेल्जियन क्लब ठरला. हॉलंड आणि जर्मनीच्या मक्तेदारीत त्याने शिरकाव केला. त्या संघात गोलकीपर व्हिन्सेंट व्हानाश होता आणि जॉन-जॉन डोमेन होता. त्याआधी काहीच महिने, डिसेंबर २०१८ मध्ये, हाच व्हानाश भुवनेश्वरला विश्वचषक उंचावत होता.

अशा क्लबचं तंत्र अगदी साधं आहे. घरटी वार्षिक वर्गणी, क्लबचं स्वतःचं टर्फ, बाजूला बसायला-उठायला एक क्लबघर. पाच-सहा वर्षांच्या पोरांपासून आजोबांपर्यंत प्रत्येक वयाचा संघ. लहानांना मोठी पोरं शिकवतात, संघाची ने-आण आईबाप करतात आणि रविवारी पहिला संघ खेळतो तेव्हा सगळं गाव कुंपणाला टेकून उभं असतं. गाव छोटं असणं तिथे आड येत नाही, हे बास्केटबॉलमध्येही दिसतं: समुद्रकाठच्या ओस्टेंड या छोट्या शहराचा क्लब २०१२ पासून दहाहून अधिक वर्षं सलग बेल्जियमचा विजेता राहिला.

बेल्जियमची हॉकी फार जुनी असली तरी दीर्घ काळ ती यथातथाच होती. १९७६ नंतर ऑलिंपिकला पात्र व्हायला त्यांना २००८ उजाडलं. बीजिंगला नववे, लंडनला पाचवे, रिओला रौप्य, टोकियोला सुवर्ण. चढण पद्धतशीर होती आणि ती क्लबांच्या खांद्यावरून झाली. ३ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोच्या उपांत्य सामन्यात त्यांनी भारताला ५-२ असं हरवलं. १९२८ च्या त्या नऊ गोलांना तेव्हा ९३ वर्षं झाली होती.

अमरावतीचा दाखला

युरोपचं उदाहरण दिलं की आपल्याकडे लगेच म्हणतात, त्यांच्याकडे पैसा आहे. म्हणून घरचा दाखला. १९३६ च्या बर्लिनला ध्यानचंद आणि रूपसिंग होते, तेव्हा अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथकही तिथे होतं. कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिकं त्यांनी तिथे दाखवली. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये एका आखाड्यातून सुरू केलेली ही संस्था आज शंभरी ओलांडून उभी आहे. अमरावती काही श्रीमंतांचं शहर नव्हतं. पण मंडळाने कार्यकर्ते घडवले, वर्ग चालवले, इमारती उभ्या केल्या, पुढे महाविद्यालय काढलं. एखादा मोठा खेळाडू आला किंवा गेला, तरी सकाळचा वर्ग बुडला नाही.

झाशी हीरोजपाशी जगातला सर्वश्रेष्ठ खेळाडू होता आणि अमरावतीपाशी तसा कुणी नव्हता. टिकली ती अमरावती. कर्तबगारी माणसाची असते, टिकाऊपणा सभासदांच्या यादीचा. ज्या क्लबाला कप्तान आहे पण खजिनदार नाही, तो कप्तानाबरोबरच संपतो.

ध्यानचंद ३ डिसेंबर १९७९ रोजी दिल्लीत गेला. त्याच्यावर अंत्यसंस्कार झाले ते झाशीत, हीरोजच्या मैदानावर. सुरुवातीला त्यासाठी परवानगी मिळायला अडचण आली, मग पंजाब रेजिमेंटने लष्करी इतमामाने निरोप दिला. मैदानाला स्मारकाचा मान मिळाला, तो योग्यच होता.

ग्वाल्हेरला मात्र दुसरी वाट अजून मोकळी आहे. शिंद्यांच्या नावाचं नवं क्रिकेट स्टेडियम शंकरपूरला झालं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथे आंतरराष्ट्रीय सामनाही झाला. तेव्हा रूपसिंगच्या नावाच्या जुन्या मैदानाचा एक कोपरा तरी हॉकीला परत मागायला हरकत नाही. मुरार-थाटीपूरच्या दोनशे घरांनी महिन्याला शंभर रुपये काढले तर वर्षाला दोन लाख चाळीस हजार होतात. तेवढ्यात टर्फ येत नाही; एक कोच, काठ्या, चेंडू आणि रविवारचा सामना एवढं होतं. क्लबची सुरुवात व्हायला तेवढं पुरतं. नाव काय ठेवायचं यावर नंतर भांडता येईल. आधी वर्गणीचं पावतीपुस्तक छापावं.