समुद्राच्या मधोमध गोड पाणी!

नांदेड-लातूरच्या दोस्तांनो, आपल्याकडे गोदावरी आहे, मांजरा आहे. समुद्र तेवढा नाही. म्हणून सुट्टीत कोकणात जायला मिळालं, तर मालवणला जाच. धक्क्यावरून होडीत बसायचं, की थोड्याच वेळात सिंधुदुर्ग किल्ला! शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे नावाच्या खडकाळ बेटावर तो बांधायला घेतला. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसाही तिथे जपलेला आहे.

पण खरी गंमत पुढेच आहे. चहूबाजूंनी खारट समुद्र, आणि किल्ल्यात तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. तिन्हींचं पाणी गोड! हे कसं काय बुवा?

हे गोड पाणी येतं आभाळातून. कोकणात धो धो पाऊस पडतो. बेटावर पडलेलं पाणी मातीत आणि खडकाच्या भेगांत मुरतं. खाली खारं पाणी असतंच, पण ते जड असतं. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यामुळे ते एक लिटर गोड्या पाण्यापेक्षा साधारण २५ ग्रॅमनी जास्त भरतं. मग हलकं गोडं पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. विहिरीत येतं ते हेच वरचं पाणी.

पटत नाही? घरी करून बघा. अर्धा ग्लास पाण्यात तीन-चार चमचे मीठ विरघळवा आणि खायचा रंग टाका. आता चमचा उलटा धरून त्यावरून साधं पाणी अगदी हळूहळू सोडा. खाली रंगीत, वर स्वच्छ, असे दोन थर दिसतील. ग्लास जोरात ढवळलात, की सगळं एक!

किनाऱ्यावरच्या विहिरींचंही तसंच असतं. पाऊस जेवढं देतो त्याहून जास्त उपसलं, की गोड्या पाण्याचा थर पातळ होतो आणि खालचं खारं पाणी वर चढतं. विहीर मचूळ होते.

आपल्याकडे खाली समुद्र नाही, म्हणून बेसुमार उपसा केला की विहिरी आणि बोअर कोरडे पडतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होतं. घरात मोठ्या माणसांना विचारा, त्यांना ते दिवस चांगले आठवत असतील.

बेट असो की लातूर, जमिनीत मुरतं तेवढंच पाणी विहीर देते. म्हणून यंदा पावसाळ्याआधी घरच्यांच्या मागे लागा: छतावरचं पाणी गटारात जाऊ द्यायचं नाही, बोअरजवळ शोषखड्डा करून तिथे मुरवायचं!